चार बोटं कमी पडलेलं छत

खंडेनवमीची सकाळ. गवीपुरमच्या अरुंद गल्लीत गाडी उभी होती. गळ्यात झेंडूच्या माळा, चाकांखाली लिंबं. भगवंतराव कोहळा हातात घेऊन तयार होते. सोयराबाईंनी गाडीला हळदकुंकू लावलं, दार उघडलं, साडी सावरत आत बसल्या, आणि त्यांचा अंबाडा छताला टेकला. टेकला म्हणजे चेपलाच. मान तिरकी केल्याशिवाय दार लागेना, आणि दार लागल्यावर मान सरळ होईना.

गल्ली बघत होती. ते छत ज्याने बनवलं होतं तो श्रीरंग उदबत्तीच्या धुरामागे सरकला, पण उदबत्ती ती केवढी आणि तो केवढा.

सोयराबाई आरडाओरडा करणाऱ्या नव्हेत. त्या उतरल्या, अंबाडा सारखा केला, डोक्यावरचा पदर पुढे ओढला. "सरी, ठीक आहे. छान झालीय गाडी," एवढंच म्हणाल्या आणि घरात गेल्या. भगवंतरावांनी कोहळा फोडला खरा, पण देवळातला नारळ दुसऱ्याच्या नावाने फोडावा तसा.

"केस मोकळे सोडून बसली असती तर मावली असती," शेजारच्या चंपाअक्काने निकाल दिला. "नाहीतर सीट स्वल्प खाली घ्या की."

"सीटखाली पत्रा आहे, अक्का," श्रीरंग म्हणाला. "आणि पत्र्याखाली रस्ता."

"मग माप घेताना तुझे डोळे कुठे होते?"

डोळे जागेवरच होते. श्रीरंग निपाणीचा. मराठी शाळेत शिकलेला, पुढे डिप्लोमा केलेला, आणि आता बोम्मसंद्र्याला फायबरच्या कारखान्यात टेलिफोन बूथचे घुमट आणि पाण्याच्या टाक्या ओतणारा. वरच्या मजल्यावरच्या खोलीत तो दीड वर्ष भाड्याने राहत होता आणि त्यातलं निम्मं जेवण सोयराबाईंच्या हातचं खात होता. गाडीला छत करायचं ठरलं तेव्हा त्याने भगवंतरावांना सीटवर बसवलं, टेप लावली, डोक्यावर दोन बोटं जागा सोडली, आणि रीतसर विचारलं, "घरात सगळ्यात उंच तुम्हीच ना, अण्णा?"

"मग?" भगवंतराव म्हणाले होते.

ही चूक त्याच घरात होऊ शकत होती. सोयराबाई नवऱ्यापेक्षा चार बोटं उंच होत्या. ते घराला ठाऊक होतं, गल्लीला ठाऊक होतं, आणि पस्तीस वर्षांत एकदाही कोणी ते तोंडाने उच्चारलेलं नव्हतं. अंबाडा चेपल्यावर श्रीरंगला एकेक गोष्ट दिसायला लागली. भिंतीवरच्या सगळ्या फोटोंत सोयराबाई खुर्चीत बसलेल्या आणि भगवंतराव खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे. बाकी जगात नवरा बसतो आणि बायको उभी राहते. दारात दोघं बोलत असली की सोयराबाई एक पायरी खाली. रस्त्याने जाताना दोन पावलं मागे. श्रीरंगला तो इतके दिवस संस्कार वाटला होता. ती निव्वळ भूमिती होती.

भगवंतराव माने यांचं घराणं साडेतीनशे वर्षांपूर्वी घोड्यांवरून बंगळुरात आलं. घोडी विकून खाल्ली आणि मग इथंच राहिलं. यातलं पहिलं वाक्य भगवंतराव सांगत. दुसरं श्रीरंगने पदरचं जोडलेलं. स्वतः भगवंतराव मात्र कधी घोड्यावर बसले नाहीत. लेथ बनवणाऱ्या कारखान्यात ते टूलरूममध्ये होते. निळा गणवेश घालून सकाळी कंपनीच्या बसने जायचं, संध्याकाळी त्याच बसने यायचं. घरात आई, दोन भाऊ, त्यांच्या बायका, सगळ्यांची मिळून अर्धी शाळा भरेल इतकी मुलं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी त्यांनी लालबागच्या फुलांच्या प्रदर्शनाची दोन तिकिटं आणली. निघताना आई म्हणाली, धाकटीला न्या. धाकटी जाते म्हटल्यावर पुतण्या रडायला लागला. पुतण्याला सांभाळायला वहिनी निघाली. जटका, म्हणजे इथला टांगा, भरला तेव्हा भगवंतरावांना पुढे जटकेवाल्याशेजारी जागा मिळाली, आणि जटकेवाल्याने सहज मागे मान करून विचारलं, "यातली तुमची मंडळी कोणती?"

ही गोष्ट ते हसत सांगत. पण ती इतक्या वेळा सांगत, की त्यात हसण्यासारखं फारसं उरलेलं नाही हे श्रीरंगच्याही लक्षात आलं होतं.

मग मुलं मोठी झाली, लग्नं करून पांगली. भाऊ वेगळे झाले, आई गेली. निवृत्तीच्या वर्षी भगवंतरावांनी एका दंतवैद्याच्या आवारात गंजत पडलेली जुनी हेराल्ड मोटार उचलली आणि घराशेजारच्या बोळात आणून तिचं वरचं अंग कापून टाकलं. मागची सीट काढली. पुढची काच बुटकी केली. दारं अर्धी केली, बॉनेट लांब केलं. रंग दिला तो लेथला देतात तो हिरवट करडा, कारण तोच रंग आयुष्यभर टिकतो अशी त्यांची खात्री होती. गल्लीने गाडीचं नाव 'लेथ' ठेवलं. म्हाताऱ्याला शर्यतीचा नाद लागला, असं सगळे म्हणाले.

शर्यतीशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. एकदा फायबरचा वास सहन करत बोळात बसले असताना ते श्रीरंगला म्हणाले, "पाच सीटची गाडी घेतली की पाच माणसं येतात. दोन सीटची घेतली की कोणाला 'या' म्हणायची सोयच नाही. नाईलाज असतो. कोणी रागावत नाही."

"आणि ती दुसरी सीट?"

"दुसरी तिची." आणि लगेच पान्ह्याकडे हात केला, जसं काही बोललेच नाहीत.

तेव्हा चेपला होता तो नुसता अंबाडा नव्हता. दसऱ्यानंतर आठवडाभर गाडी ताडपत्रीखाली उभी राहिली. सोयराबाईंना यशवंतपूरला बहिणीकडे, रत्नाबाईंकडे जायचं होतं. त्या बसने गेल्या. भगवंतरावांनी त्यांना स्टॉपपर्यंत पोचवलं आणि परत येऊन गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या.

श्रीरंगला काहीतरी करणं भाग होतं. रविवारी तो अव्हेन्यू रोडला गेला आणि फूटपाथवरच्या ढिगातून परदेशी मोटारींची जुनी मासिकं घेऊन आला. त्यातली चित्रं पायरीवर मांडून तो इन्शुरन्स एजंटासारखा बसला.

"हे बघा अण्णा, जगात छताच्या तीन जाती. एक पक्कं छत. आपलं तेच. आवाज येत नाही, चोर येत नाही, पाऊस येत नाही."

"माणूसही येत नाही," चंपाअक्का कुंपणापलीकडून म्हणाली. तिला बोलावलेलं नव्हतं, पण तिला कधीच बोलवावं लागत नसे.

"दुसरं काढघालीचं. छताचा मधला तुकडा नुसता अडकवलेला. ऊन असलं की घालायचा, वारा हवा असला की काढून मागे ठेवायचा. तिसरं दुमडतं. कापडाचं हूड, जीपला असतं तसं. पाहिजे तेव्हा मागे पाडायचं, मग गाडी सगळी उघडी."

"पहिलंच उंच करता येत नाही?" भगवंतरावांनी विचारलं.

श्रीरंगने पुठ्ठा कापला आणि छताखाली चार बोटांची पट्टी देऊन दाखवलं. दोघं लांब जाऊन बघत राहिले. लांब बॉनेट, बुटकी काच, आणि त्यावर ते टोपलं.

"आइस्क्रीमची गाडी," भगवंतराव म्हणाले.

"घंटा लावली की झालं," श्रीरंग म्हणाला, आणि पुठ्ठा काढला.

मग दुमडत्या हुडाचं काय? ते नाव काढलं की भगवंतराव कुठेतरी भलतीकडे बघत. कापड काय, चोराला एक ब्लेड पुरतं. कापड फाटतं. आणि मुख्य म्हणजे उघड्या गाडीत बाईमाणसाच्या डोक्यावर पदर राहील का? माने घराण्यातली बाई चामराजपेटेतून उघड्या डोक्याने गेली असं व्हायला नको. हे तिसरं कारण त्यांनी इतक्या जोरात सांगितलं, की श्रीरंगला चौथं असल्याचा वास आला. चौथं कारण उघड होतं. पक्क्या छताखाली कोण किती उंच ते कळत नाही. उघड्या गाडीत दोन डोकी शेजारी शेजारी दिसतात, आणि सिग्नलला सगळं बंगळूर मोकळं असतं.

म्हणून काढघालीचं ठरलं. श्रीरंगने गाडीवरचं छत उतरवलं, दोन्ही सीटांच्या वर एकेक चौकोन कापला, त्याला रबर लावलं, कड्या बसवल्या. त्याच्या कामात तसा दोष नव्हता. तो कौतुकाने मागे सरला आणि भगवंतरावांनी पहिलाच प्रश्न विचारला, "काढलेला तुकडा ठेवायचा कुठे?"

मागे स्टेपनी होती. स्टेपनीवर तुकडा ठेवला तर तो दोघांच्या मानेत येत होता.

"माझ्याकडे द्या," चंपाअक्का म्हणाली. "लोणच्याच्या बरण्यांवर झाकायला होईल."

तरी चाचणी घ्यायची म्हणून श्रीरंग सोयराबाईंच्या जागेवर बसला. त्याची उंची साधारण तेवढीच. शेजारी भगवंतराव. श्रीरंगच्या बाजूचा तुकडा काढलेला, त्यांच्या बाजूचा घातलेला. श्रीरंगचं डोकं चौकोनातून कपाळापर्यंत वर आलं. सोयराबाई पायरीवर अवरेकाईच्या शेंगा निवडत बसल्या होत्या. त्यांनी वर बघितलं.

"मी अशी जायची?"

"मोकळा वारा लागेल, अक्का," श्रीरंग चौकोनातून म्हणाला.

"बिळातून घूस बघते तशी दिसेन मी. आणि हे सावलीत बसणार, ऊन माझ्या टाळक्यावर." त्यांनी एक शेंग मोडली. "छत आहे की शिक्षा?"

भगवंतरावांना आतून बाईंचे फक्त पाय दिसत होते. ते वाकून म्हणाले, "अगं, नुसतं उघडं हूड केलं तर पदर राहणार नाही. आपल्या घराण्यात..."

"घराण्यातल्या बायका घोड्यावर बसायच्या, असं तुम्हीच सांगता."

"बसायच्याच."

"घोड्याला हूड होतं का?"

श्रीरंगने हळूच डोकं चौकोनातून आत घेतलं. भगवंतरावांनी स्टिअरिंगवर हात ठेवले. गाडी बंद होती, पण त्यांनी दोनदा गिअर बदलला.

त्यानंतर दोन दिवस त्यांनी गाडीवर ताडपत्री ओढून ठेवली. पूर्वजांचं नावही काढलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी श्रीरंगला हाक मारली आणि दोघांनी मिळून ते दोन भोकांचं छत उचलून गच्चीवर नेऊन ठेवलं. मग बिनछताची गाडी घेऊन दोघं जे. सी. रोडला विठोजीकडे गेले.

विठोजी जीपची हुडं शिवत असे. जुना, मराठी बोलणारा शिंपी. गळ्यात टेप आणि कानावर खडू. आपण शिवलेलं हूड कधी गळत नाही असं तो सांगत होता तेव्हा त्याच्याच दुकानाच्या ताडपत्रीतून वरच्या मजल्यावरच्या एसीचं पाणी श्रीरंगच्या मानेवर पडत होतं.

"कमानी तीन घालू," विठोजी म्हणाला. "मधली कमान उंच. पाडलं की सगळं मागे दुमडून बसतं, कोणाला कळत नाही किती उंच होतं ते. पण माप कोणाचं धरू?"

"धर साधारण माणसाचं."

"साधारण माणूस माझ्याकडे कधी येत नाही, राव. कापड आहे हे. झब्ब्यासारखं. अंगावर माप घेतल्याशिवाय मी कात्री लावत नाही. गाडीत जो उंच बसणार तो आणा."

"मीच..." भगवंतराव म्हणाले आणि थांबले.

श्रीरंग रस्त्यापलीकडच्या टायरांच्या दुकानाकडे बघायला लागला. इतक्या मन लावून टायर कोणी बघितले नसतील.

"शनिवारी आणतो," भगवंतराव म्हणाले.

परत आले तेव्हा सोयराबाई स्वयंपाकघरात होत्या. भगवंतराव दारात उभे राहिले. श्रीरंगला वर जायला जिना तिथूनच होता आणि त्या क्षणी त्याच्या चपलेचा अंगठा निघाला, असं निदान त्याने दाखवलं.

"विठोजी माप मागतोय," भगवंतराव म्हणाले.

"मग द्या की."

"उंच माणसाचं मागतोय."

फोडणी तडतडली. सोयराबाईंनी आच कमी केली.

"मग?"

"उंच माणूस तू आहेस." भगवंतरावांनी घसा साफ केला. "पहिल्यापासून आहेस. तू आल्याशिवाय माप होत नाही."

सोयराबाई वळल्या. दारापर्यंत आल्या. एक पायरी खाली उतरायची सवय होती तिथं उतरल्या नाहीत. उंबऱ्यावरच उभ्या राहिल्या. नवऱ्याकडे जरा खाली बघावं लागलं, तर बघितलं.

"किती वाजता?" म्हणाल्या.

शनिवारी श्रीरंगने अर्धी रजा टाकली. गाडीत तिसरी जागा नसल्यामुळे त्याने ऑटो केली. छत चुकवणाऱ्याला निदान मागून बघायचा हक्क असतो. सोयराबाई बाहेर आल्या त्या डोक्यावर पदर घेऊनच. वाऱ्याचा अंदाज घ्यावा तशी त्यांनी गाडीकडे नजर टाकली आणि कुंपणापलीकडे हात केला. "चंपा, दोन पिना दे गं. मोठ्या." चंपाअक्काने स्वतःच्या पदराच्या आणि मंगळसूत्राच्या पिना काढून दिल्या. सोयराबाईंनी डोक्यावरचा पदर अंबाड्याला पिनांनी टाचला, उरलेला कमरेला खोचला, आणि सीटवर बसल्या. ताठ. वर टेकायला काही नव्हतं. काच संपली तिथून वर त्यांचं कपाळ आणि त्यावरचं कुंकू. शेजारी भगवंतराव काचेच्या आत बेतशीर मावलेले.

गल्लीतून गाडी निघाली तेव्हा सगळ्या दारांत माणसं होती. भगवंतराव समोर बघत होते. सोयराबाई एकेका दाराकडे बघून मान हलवत होत्या.

नॅशनल कॉलेजच्या सर्कलला दोन्ही गाड्या थांबल्या. ऑटोवाला पुढे वाकून बघत होता. "कोण हो त्या बाई? फार रुबाब आहे."

"आमच्या घरमालकीण."

"ड्रायव्हर जुना दिसतो."

"फार जुना," श्रीरंग म्हणाला. "पस्तीस वर्षांपासून आहे." आणि हे संभाषण घरी सांगायचं नाही, असं त्याने तिथंच ठरवलं.

तेवढ्यात शेजारच्या बसमधून कोणी काही तरी म्हटलं आणि दोनचार जण हसले. भगवंतरावांच्या कानांचा रंग बदललेला श्रीरंगला मागूनही दिसला. आता हे खाली सरकणार, किंवा बाईंना वाकायला सांगणार. पण त्यांनी हात लांब केला, सोयराबाईंच्या खांद्यावरून सुटू पाहणारा पदर सारखा करून दिला, आणि हात लगेच काढलाही नाही. सिग्नल सुटल्यावर मागच्या स्कूटरने हॉर्न दिला तेव्हा गिअरसाठी काढला.

जे. सी. रोडला विठोजी टेप घेऊन फूटपाथवर उभा होता. "इकडे, राव, इकडे लावा," तो हात करत होता. गाडीचा वेग कमी झाला. सोयराबाई नवऱ्याकडे झुकून काहीतरी बोलल्या. काय ते ऑटोच्या फटफटीत श्रीरंगला कळलं नाही. भगवंतरावांनी विठोजीला हात केला, नुसता केला, आणि गाडी तशीच टाऊन हॉलच्या दिशेने पुढे निघून गेली.

"माप?" विठोजीने श्रीरंगला विचारलं.

"त्यांचं त्यांनी घेतलं वाटतं," श्रीरंग म्हणाला आणि ऑटोतून उतरला.

दोघं परत आली ती ऊन उतरल्यावर. यशवंतपूरला रत्नाबाईंकडे जाऊन, मागे स्टेपनीवर कांद्याची पिशवी घेऊन. सोयराबाईंचा चेहरा धुळीने आणि उन्हाने तांबूस झालेला, अंबाडा मानेवर आलेला. भगवंतराव उतरून गाडीभोवती न फिरता सरळ बाईंच्या बाजूचं दार उघडायला गेले.

पुढच्या आठवड्यात माप झालं. विठोजीने जीपच्याच हिरव्या कापडाचं हूड शिवलं, मधली कमान सोयराबाईंच्या अंबाड्याहून दोन बोटं उंच. उभारलं की गाडीला वशिंड आल्यासारखं दिसतं. दोघं ते सहसा उभारत नाहीत.

राहता राहिल्या चंपाअक्काच्या पिना. एक मल्लेश्वरमच्या चढावर वाऱ्याने नेली, दुसरी वाकडी झाली. "नव्या दोन आणून देते," असं सोयराबाई म्हणाल्या आणि त्या आणायला म्हणून दोघं पुढच्या शनिवारी चिकपेटला गेली. आली ती मोगरा घेऊन. त्यापुढच्या शनिवारी पुन्हा गेली, तेव्हा लालबागेत बसून आली.

"पिना?" चंपाअक्काने कुंपणावरून विचारलं.

"अगं, दुकान बंद होतं," सोयराबाई म्हणाल्या. "येत्या शनिवारी परत जावं लागणार."